गंधचोर

आमच्या शाळेत तेलुगू शिकवणारे एक सहकारी होते. मराठी त्यांनी आमच्यात राहून, निव्वळ कानांनी शिकलेली. एके सकाळी मी दाढी करून, गालांना काहीतरी नवे लावून शिक्षकखोलीत शिरलो, तेव्हा ते मोठ्या प्रसन्नपणे म्हणाले, "सर, आज तुमच्याकडून फार चांगली वासना येऊन राहिली आहे." खोलीत हशा पिकला. बाई होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. बिचाऱ्यांना आपले काय चुकले ते कळेना. खरे तर त्यांचे काहीच चुकले नव्हते. तेलुगूत 'वासन' म्हणजे वास, आणि 'सुवासन' म्हणजे सुगंध. आपण मराठी माणसांनी मात्र तोच शब्द घेतला आणि त्याला थेट षड्रिपूंच्या पंगतीला नेऊन बसवले.

पैनगंगेच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असे प्रसंग नवे नाहीत. एकच संस्कृत शब्द दोन घरी दिलेल्या बहिणींसारखा दोन भाषांत वेगवेगळा संसार करीत असतो आणि आपण दोन्ही घरचे पाहुणे असतो. पण त्या दिवशीचा हशा ओसरल्यावर हा शब्द माझ्या मनातून जाईना. घरी येऊन कोश उघडला. 'वासना' या शब्दाचा संबंध सुवासिक करणे या अर्थाच्या धातूशीही जोडतात. बौद्ध आणि योगमार्गी विचारवंतांनी त्याचा उपयोग केला तो या अर्थाने, की केलेले कर्म संपते, पण त्याचा ठसा चित्तात मागे राहतो. फूल काढून घेतल्यावर वस्त्रात दरवळ राहावा तसा. तिळांना फुलांचा वास लागतो हे उदाहरण योगाचार पंथाच्या ग्रंथांत येते. आणि ते कल्पनेतले नव्हे. चमेलीचे तेल करण्याची आपल्याकडची जुनी रीत तीच आहे: तिळाच्या थरावर फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले, फुले कोमेजली की नवी घालायची, आणि शेवटी ते तीळ घाण्यात गाळायचे. तेल तिळाचेच निघते, पण वास चमेलीचा येतो.

म्हणजे तेलुगूत उरला तो वास आणि मराठीत उरली ती इच्छा. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये एक नैतिक प्रश्न लपलेला आहे, असे मला वाटते. सुगंधाची हौस ही साध्या माणसाने करावी काय? ज्याच्या घरी महिन्याचे शेवटचे आठ दिवस मोजून काढावे लागतात त्याने दाढीनंतर गालाला लावायच्या द्रवाचे नवनवे वास घेऊन पाहावेत, यात काही गैर आहे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. मलाही वाटला असता. पण याच प्रश्नाचे घाईने दिलेले एक उत्तर गेली अनेक वर्षे माझ्या मनावर ओझे होऊन बसले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम स्वतःची कबुली देतो. मला ही हौस आहे. लहानपणी वडिलांबरोबर न्हाव्याकडे जात असे. दाढी झाली की तो तुरटीचा ओला खडा गालावरून फिरवी, आणि वडील डोळे मिटून घेत. तुरटी कातडी आकसवते, बारीक चिरेतून येणारे रक्त थांबवते. तिला स्वतःचा असा वास नसतो. पुढे सलूनच्या आरशाखाली बाटल्या आल्या. हिरवी, निळी, पांढऱ्या चिनी मातीसारखी दिसणारी. त्यांतल्या द्रवात मुख्य भाग मद्यार्काचा. तो झोंबतो, जंतू मारतो आणि उडून जाताना गाल थंड करतो. वासाचा अंश त्यात अगदी थोडा. शिक्षक झाल्यावर माझ्या लक्षात आले, की महिन्यातून एकदा केस कापायला जायचेच आहे, तर प्रत्येक वेळी निराळ्या बाटलीकडे बोट दाखवावे. बाटली विकत घ्यायची गरज नाही, आणि वर्षाकाठी बारा सुगंध होतात.

हैदराबादला प्रशिक्षणासाठी जाणे झाले की चारमिनारच्या बाजूला पत्थरगट्टीतून एक फेरी असे. तिथला अत्तरवाला कापसाचा फाया मनगटाला लावतो आणि "सूँघिए" म्हणून आग्रह करतो. खस, मोतिया, मजमुआ आणि मिट्टी. हे मिट्टीचे अत्तर कनौजला भाजलेल्या मातीपासून काढतात. ऊन ऊर्ध्वपातन करून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची, की पहिल्या पावसाचा वास कुपीत येतो. दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी १९६४ साली या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' असे नाव दिले. आमच्या कनौजच्या भट्टीवाल्यांनी तो त्याच्या कितीतरी आधी विकायला ठेवला होता. असो. तिथेही मी फाये पुष्कळ हुंगले आणि कुपी क्वचितच घेतली. एक पथ्य मात्र पाळले. आधीच सांगत असे, की मियाँ, आज घेणार नाही, फक्त वास पाहतो. एकाही अत्तरवाल्याने मला त्यासाठी हाकलले नाही.

या अनुभवातून आलेले दोन-चार शहाणपणाचे शब्द हौशी वाचकांसाठी सांगून टाकतो. तीन-चार वासांनंतर नाक बधिर होते, तेव्हा एका फेरीत त्याहून अधिक हुंगू नयेत. बाटलीच्या तोंडाशी येणारा वास खरा नव्हे. तो दहा मिनिटांत उडतो, आणि अर्ध्या तासाने कातडीवर उरतो तोच आपला. आणि महागाचा वास आपल्याला शोभतोच असे नाही.

ही हौस आजची नाही. वात्स्यायनाच्या नागरकाने रोज स्नान करावे, चौथ्या दिवशी दाढी करावी आणि सुगंधी लेप लावावा, असे त्याचे वेळापत्रकच आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत सुगंधांच्या मिश्रणावर एक अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० प्रकार होतात, हे गणितही त्याने मांडून ठेवले. अकरावीच्या मुलांना क्रमचय-संचय शिकवताना हे उदाहरण द्यावे, पोरे जागी राहतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधाला मानाची जागा आहे. पण नागरक, राजे आणि त्यांचे दरबारी यांच्या पलीकडे जी रयत होती, तिच्या वाट्याला काय होते?

तिच्या वाट्याला दिवाळी होती. आपल्या पूर्वजांनी हा खर्चाचा प्रश्न तिथीने सोडवला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांचे उटणे, सुगंधी तेल आणि घरात सगळ्यांत मिळून एक भारी साबण. गरिबातल्या गरीब घरीही त्या दिवशी अंगाला वास लावणे ही चैन नव्हती, ते कर्तव्य होते. अभ्यंग न करणारा नरकात जातो, असे बजावले की कंजूष आजोबाही पैसे सोडीत. वर्षातला एक दिवस सर्वांच्या अंगाला सारखा वास यावा, यात केवढी समता होती! उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

आता ज्या कथेवरून या लेखाला नाव दिले ती सांगतो. पाली जातकांत ती आहे. बोधिसत्त्व एका जन्मी तपस्वी होता. एकदा तळ्याच्या काठी उभा राहून तो उमललेल्या कमळाचा वास घेत होता. तेवढ्यात झाडाच्या ढोलीतली देवता बाहेर आली आणि त्याला म्हणाली, की तुला जे कुणी दिलेले नाही ते तू घेतो आहेस. तू गंधचोर आहेस. तपस्वी चकित झाला. मी फूल तोडले नाही, मोडले नाही, दुरून हुंगले. मग चोर कसा? एवढ्यात एक माणूस तळ्यात उतरला, कमळांचे देठ आणि कंद उपटू लागला, सगळे तळे नासवून टाकले. देवता त्याला चकार शब्द बोलली नाही. तपस्व्याने कारण विचारले. ती म्हणाली, की तो माणूस आधीच मळलेला आहे, त्याला सांगून काय उपयोग? पण निर्मळ मनुष्याचा केसाच्या टोकाएवढा दोषही आभाळातल्या ढगाएवढा दिसतो. तपस्व्याने तिचे आभार मानले आणि असेच सांगत जा म्हणून विनविले.

शिक्षकी पेशाला ही कथा फार सोयीची आहे. ज्याच्यापासून आशा आहे त्यालाच आम्ही रागावतो, असे म्हणून आम्ही हजारदा सुटलो आहोत. मीही एकदा असाच सुटलो.

सन २००८ ची गोष्ट. सीमेलगतच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववीचा वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगा होता. घरची स्थिती हलाखीची, वडील आजारी, वह्याही शाळेने दिलेल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा मुलगा रोज वास मारून येऊ लागला. झोंबणारा, स्वस्त, दाढीनंतर लावतात त्या द्रवाचा वास. त्याला तर अजून दाढीही फुटली नव्हती. दोन दिवस मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी भर वर्गात त्याला उभे केले आणि म्हणालो, "घरात खायला नाही आणि तुला अत्तरं सुचतात? आईच्या घामाचा पैसा असा उडवतोस? लाज वाटू दे जरा." वर्ग हसला. मुलगा खाली बघत उभा राहिला. मी काटकसरीवर दहा मिनिटे बोललो. चांगले बोललो असणार, कारण मला त्या दिवशी समाधान वाटल्याचे आठवते.

त्याच वर्गात पुढच्या बाकावर कापसाच्या अडत्याचा मुलगा बसत असे. त्याच्या दप्तरात फवाऱ्याचा परदेशी डबा असे, हे मला ठाऊक होते. मधल्या सुट्टीत तो सगळ्यांवर फवारे मारी. त्याला मी कधीही काही बोललो नव्हतो. जातकातल्या देवतेची आणि माझी वागणूक वरवर पाहता एकसारखीच होती.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडाभर आला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायला गेलो, तर मासळीच्या ओळीत तो आईजवळ बसलेला दिसला. मला पाहून उठला आणि टोपल्यांच्या मागे गेला. आई म्हणाली, "सर, तुमी नका रागावू त्याले. पहाटी तो माझ्यासंगं मासळी साफ करते. किती धुतलं तरी हाताचा वास जात नाही. पोरं जवळ बसू देत नाहीत, नाक दाबतात. म्हून तो संध्याकाळी सलून झाडून देते, आन् सकाळी तो सलूनवाला त्याच्या हातावर दोन थेंब टाकते. पैसे नाही लागत त्याले."

मी भाजीची पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. ज्या चैनीबद्दल मी त्याला वर्गासमोर झोडपले, तिची किंमत त्याने रोज झाडू मारून दिली होती. आणि ती चैनही नव्हती. बाकावर कुणीतरी शेजारी बसावे एवढाच त्याचा हेतू होता.

या प्रसंगावर मी नंतर पुष्कळ विचार केला. गरज कशाला म्हणावे आणि चैन कशाला, हे ठरवणार कोण? अॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट सांगितली आहे. तागाचा सदरा ही जगण्यासाठी अत्यावश्यक वस्तू नव्हे. ग्रीक आणि रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. पण स्मिथच्या काळात साध्या मजुरालाही त्यावाचून चारचौघांत जायला लाज वाटे, म्हणून तो गरजेत मोडतो. अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याच्या चर्चेत हाच मुद्दा पुढे नेला: लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही माणसाची मूलभूत क्षमता आहे. कुणाला त्यासाठी सदरा लागेल, कुणाला चप्पल, कुणाला दोन थेंब. हिशेब वस्तूच्या किमतीचा करून चालत नाही. ती नसल्याने माणसाला काय सोसावे लागते, तेही त्यात धरावे लागते.

वासाच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे, कारण माणसांनी माणसांना दूर ठेवण्यासाठी नाकाचा जितका उपयोग केला तितका दुसऱ्या कुठल्या इंद्रियाचा क्वचितच केला असेल. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ मध्ये इंग्लंडातल्या कोळसा खाणींच्या मुलखावर लिहिताना कबूल केले, की आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मुलांना लहानपणीच शिकवले गेले होते, की खालच्या वर्गाच्या माणसांना वास येतो. आपल्याकडे हे शिकवावे लागत नाही. जातीबरोबर ते आपोआप येते. मासळीचा वास, कातड्याचा वास, गोठ्याचा वास, रॉकेलचा वास. ज्यांच्या श्रमावर गाव जगते त्यांच्याच अंगाला तो असतो, आणि गाव नाक मुरडते.

याचा अर्थ काटकसर हा सद्गुण नाही, असा मी म्हणत नाही. बाजार फार हुशार असतो. तामिळनाडूतून शाम्पूच्या छोट्या पुड्या निघाल्या आणि खेड्यापाड्यांत पोचल्या. बाटली न परवडणाऱ्याला ती वस्तू वापरून पाहता आली ही गोष्ट चांगलीच. पण पुडी पुडी करीत महिन्याकाठी किती गेले, हे त्याच्या लक्षात येत नाही हेही खरे. नव्या वासाच्या मागे धावण्याला अंत नसतो. जो बाप मुलाच्या फीच्या पैशांतून बाटली आणतो त्याला दोष द्यावाच लागेल. पण तिथेही दोष सुगंधाचा नव्हे. मुलाच्या वाट्याचे घेतले, हा तो दोष. ज्याने कुणाच्या वाट्याचे घेतले नाही, खोटे बोलून घेतले नाही, कर्ज काढून घेतले नाही, त्याने महिन्याला एक नवा वास हुंगला तर त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? श्रीमंताच्या हौसेला आपण रसिकता म्हणतो आणि गरिबाच्या हौसेला उधळपट्टी. हे दोन शब्द एकाच कृतीला लागतात, तेव्हा आपल्या तराजूतच काहीतरी बिघाड आहे.

सुगंधाबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण लावलेला वास आपल्याला फार वेळ येत नाही. काही मिनिटांतच नाकाला त्याची सवय होते आणि मेंदू त्याची दखल घेणे सोडतो. पुढे दिवसभर तो वास इतरांनाच येत राहतो. पैसे आपले, उपभोग शेजाऱ्याचा. दागिन्यासारखा तो तिजोरीत ठेवता येत नाही. वापरला की उडून जातो, आणि जाता जाता चार माणसांना वाटला जातो. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातावर अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याची आपली पद्धत हेच ओळखून पडली असावी. त्या मुलानेही जे दोन थेंब लावले ते स्वतःसाठी नव्हते. ते आमच्यासाठी होते, आमच्या नाकांना त्रास होऊ नये म्हणून होते. आणि आम्ही त्यालाच हसलो.

मग जातकातल्या देवतेचे काय? मी तिची कथा पुन्हा वाचली, तेव्हा मला माझा आणि तिचा फरक कळला. तिने तपस्व्याला पारखले होते. मी त्या मुलाला एक प्रश्नही विचारला नव्हता. तिने तळ्याकाठी, दोघेच असताना सांगितले. मी चाळीस मुलांच्या देखत सांगितले. त्याने विचारले तेव्हा तिने कारण दिले. माझ्या वर्गात त्याला विचारण्याची सोयच नव्हती. अडत्याच्या मुलाला मी बोललो नाही, ते तो मळलेला आहे म्हणून नव्हे. त्याचा बाप शाळेच्या समितीवर होता म्हणून. एवढा साधा हिशेब होता, आणि मी त्याला जातककथेचे पांघरूण घालीत होतो.

आणखी एक टोचणी आहे. मासळीचा जो वास हाताला चिकटून राहतो, त्याचे द्रव्य अल्कधर्मी असते. आंबट लावले की त्याचा क्षार बनतो, तो उडत नाही आणि पाण्याने धुऊन जातो. म्हणून मासे खाणाऱ्या घरांत चिंच, लिंबू, कोकम वापरतात. चिंचेच्या कोळाने हात चोळले असते तर त्या मुलाचे काम निम्म्याहून अधिक झाले असते. विज्ञानाच्या तासाला आम्ल आणि अल्क मी त्याच वर्गात शिकवले होते. त्याला रसायनशास्त्राची गरज होती, तिथे मी त्याला नीतिशास्त्र ऐकवले.

पुढच्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो, चूक कबूल केली, चिंचेची युक्तीही सांगितली. तो शाळेत आला. दहावी उत्तीर्ण झाला. पण एक गोष्ट मी केली नाही. ज्या वर्गासमोर त्याला बोललो होतो त्या वर्गासमोर मी काही सांगितले नाही. शिस्त बिघडेल, असे तेव्हा मनाला समजावले. खरे कारण भिडस्तपणा हेही नव्हते. मान खाली घालायची माझी तयारी नव्हती, इतकेच. त्या मुलांनी मग काय धडा घेतला असेल? सरांनी हसवले, म्हणजे हसण्यासारखेच होते, हाच ना? तिळाला लागलेला वास फुले काढून घेतल्याने जात नाही, तसा तो धडा त्यांच्या मनात अजून असेल.

ती चाळीस मुले आता तिशीत आली आहेत. कुणी शेती करतो, कुणी आदिलाबादला दुकान चालवतो, काही नांदेड-चंद्रपूरकडे गेली. हा अंक आपल्या भागातल्या बऱ्याच घरी दिवाळीच्या फराळाबरोबर वाचला जातो, आणि त्यांतल्या काहींच्या घरी तो जाईल. माझ्यावर जे देणे होते ते त्यांच्याच समोर द्यायला हवे, म्हणून इथे देतो. नववीच्या त्या वर्गातल्या मुलांनो, त्या दिवशी तुमचा तो वर्गमित्र चुकला नव्हता. चुकलो होतो मी. तुमच्यापैकी कुणाची आता त्याच्याशी भेट होत असेल, तर हे त्याला वाचून दाखवा.